रंग न चढलेल्या पेशी

जून २०२२ मध्ये एक बातमी फिरत होती: गुदाशयाच्या कर्करोगाच्या बाराच्या बारा रुग्णांची गाठ एकाच औषधाने नाहीशी झाली. ना शस्त्रक्रिया, ना किरणोपचार! मग काय, 'कर्करोगावर रामबाण सापडला' असे निरोप सुरू झाले. बातमी खरी, रामबाण खोटा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातल्या त्या चाचणीत रुग्ण निवडून घेतले होते. त्यांच्या गाठीत डीएनएची डागडुजी करणारी यंत्रणाच बंद पडलेली होती. गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण शंभरात पाच ते दहा.

ही यंत्रणा म्हणजे पेशीतला मुद्रितशोधक. डीएनएची नक्कल होताना एकच अक्षर सलग दहा-बारा वेळा आलं, की नक्कल करणारं एन्झाइम घसरतं. दहाच्या जागी नऊ किंवा अकरा अक्षरं उतरतात. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनांची जोडी चूक हुडकते; एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी ती कापून काढायला लावते. जोडी मोडली की चुका साचत जातात. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळे एक अक्षर गळालं तरी पुढचा सगळा मजकूर बदलतो आणि कुठल्याही निरोगी पेशीत नसलेली विचित्र प्रथिनं तयार होतात. रोगप्रतिकारक पेशींना ती परकी वाटतात. गाठ त्या पेशींचा पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून ठेवते. त्या चाचणीतल्या डोस्टारलिमॅब या औषधाने तो सोडवला.

डागडुजीच्या या चार प्रथिनांपैकी एखादं गाठीत आहे की नाही, ते कळतं कसं? मेणात बसवलेल्या गाठीचा काही मायक्रॉन जाडीचा काप घेऊन त्यावर त्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड टाकतात. प्रथिन असेल तर पेशीकेंद्रक तपकिरी, नसेल तर निळंच. गंमत अशी, की इथे रंग न येणं हीच बातमी! पण मग रंगकामच फसलं नसेल कशावरून? पॅथॉलॉजिस्ट शेजारच्या लिम्फोसाइटकडे, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींकडे, बघतो. त्या निरोगी, त्या तपकिरी झाल्या असतील तरच गाठीच्या निळ्या केंद्रकांवर विश्वास ठेवायचा. मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे: एमएलएच१ गेलं की पीएमएस२ही जातं, कारण जोडीदाराविना ते टिकत नाही. उलट मात्र होत नाही. एमएलएच१ला दुसरे जोडीदार मिळतात.

दुसऱ्या टप्प्यातल्या अशा गाठीला नुसतं फ्लुओरोयुरॅसिल हे केमोथेरपीचं औषध देऊन फारसा फायदा होत नाही, त्यामुळे अहवाल उपचाराआधी हातात हवा. एमएलएच१ नसलं म्हणजे दोष आनुवंशिकच, असंही नाही. बऱ्याचदा, विशेषतः उतारवयात, ते जनुक मेथिलेशनमुळे, म्हणजे डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांमुळे, गप्प बसलेलं असतं. बीआरएएफ जनुकात ठरावीक बदल सापडला तर संशय मेथिलेशनकडेच जातो. एमएसएच२ गायब असेल तर मात्र लिंच सिंड्रोमचा, म्हणजे या यंत्रणेतल्या आनुवंशिक दोषाचा, विचार आधी. पिढ्यान्‌पिढ्या आतड्याचा कर्करोग होणाऱ्या घराण्याला कुणाचा शाप नसतो. एका जनुकात दोष असतो, आणि तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या चाचणीत तो सापडला, तर भावंडांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) तरुण वयातच सुरू करता येते आणि पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा कोंब, कर्करोग होण्याआधीच काढता येतो.