आगराच्या कोपऱ्यातली विहीर आणि अ² − ब²

श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंत किनाऱ्याला लागून माडांची आगरं आहेत. शिस्तीत लावलेल्या आगरात दोन माडांमध्ये दोन्ही दिशांनी साडेसात मीटर, म्हणजे सुमारे २५ फूट अंतर सोडतात. बीजगणितात अवयव पाडायला, म्हणजे राशी गुणाकाराच्या रूपात लिहायला, शिकणाऱ्या मुलाला मी आधी अशा आगरात नेईन, फळ्यापुढे नंतर.

समजा, आगरात १२ ओळी आहेत आणि ओळीत १२ माड. पण एका कोपऱ्यात विहीर आणि पाण्याची टाकी आहे, त्यापायी तिथल्या दोन ओळींत दोन-दोन माड लावलेच नाहीत. माड किती? १४४ − ४, म्हणजे १४०. आता हेच डोळ्यांनी करून बघा. विहिरीकडच्या दोन ओळी आखूड आहेत, १०-१० माडांच्या. उरलेल्या १० ओळी पुऱ्या, १२-१२ च्या. त्या दोन आखूड ओळी मनातल्या मनात उचला आणि पुऱ्या ओळींच्या टोकाशी उभ्या लावा. प्रत्येक ओळीला दोन माड मिळाले. झाल्या १० ओळी, ओळीत १४ माड. कोपऱ्यातली खाच गेली आणि सरळ आयत उरला. १० म्हणजे १२ − २, आणि १४ म्हणजे १२ + २.

अ² − ब² = (अ − ब)(अ + ब)

एका कंसात वजा आणि दुसऱ्यात अधिक का, हे घोकून कळत नाही. ओळी उचलून लावल्या की कळतं.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त हेच उलट्या बाजूने वापरलं आहे. ज्या संख्येचा वर्ग हवा तिच्यातून एक सोयीची संख्या वजा करा, तिच्यात तीच मिळवा, दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा आणि त्यात सोयीच्या संख्येचा वर्ग घाला. २९७ चा वर्ग हे उदाहरण त्यांचंच. आपण ३ घेऊ: २९४ × ३०० = ८८,२००, अधिक ९, म्हणजे ८८,२०९. तोंडी होतं!

दुसरा साचा पूर्ण वर्गाचा. घरापुढचं चौरस खळं क्ष हात लांब, तेवढंच रुंद. घरात लग्न निघालं म्हणून लगतच्या दोन बाजूंनी ते ३-३ हात वाढवलं. जुनं खळं क्ष², नव्या दोन पट्ट्या ३क्ष आणि ३क्ष, शिवाय कोपऱ्याचा तुकडा ९. म्हणून (क्ष + ३)² = क्ष² + ६क्ष + ९. पुष्कळ मुलं नुसतं क्ष² + ९ लिहितात, म्हणजे दोन्ही पट्ट्या सारवायच्या राहून जातात. साचा ओळखतानाही खरी परीक्षा मधल्या पदाचीच. क्ष² + १०क्ष + १६ मध्ये दोन्ही टोकं वर्ग आहेत, पण मधलं पद ८क्ष हवं होतं. म्हणून तो पूर्ण वर्ग नाही. त्याचे अवयव (क्ष + २)(क्ष + ८).

आणि क्ष² + ९ चं काय? (क्ष + म) हा त्याचा अवयव असता, तर क्ष च्या जागी −म घातल्यावर राशी शून्य झाली असती. पण वर्ग ऋण नसतो, त्यामुळे ही राशी ९ च्या खाली उतरतच नाही. नेहमीच्या संख्यांमध्ये तिला असे अवयव नाहीत.

वर्गांच्या वजाबाकीचा मला सगळ्यांत आवडणारा उपयोग फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा. १६४३ मध्ये त्याने २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे अवयव शोधले. लहान लहान संख्यांनी भागत बसण्याऐवजी त्याने तिच्याहून जरा मोठा वर्ग घेतला, ४५,०३० चा, आणि वजाबाकी करून उरलेली संख्या वर्ग आहे का ते पाहिलं. नव्हती. मग ४५,०३१, मग ४५,०३२. बाराव्या खेपेला, ४५,०४१ वर, बाकी राहिली १०,४०,४००, म्हणजे नेमका १,०२० चा वर्ग. अवयव हाती आले: ४४,०२१ आणि ४६,०६१. आगराच्या भाषेत सांगायचं तर त्याच्याकडे माडांची फक्त एकूण संख्या होती. तेवढ्यावरून त्याने काढलं की आगराची बाजू ४५,०४१ माडांची आहे आणि कोपऱ्यातल्या विहिरीची १,०२० माडांची.