जिनसेंग घ्यायचं, पण कोणतं आणि कधी?

सिंगापूर, हाँगकाँग किंवा टोरांटोतल्या चिनी औषधांच्या दुकानात दोन जिनसेंग शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही फिकट पिवळसर मुळं, दोन्हींचे पातळ काप, आणि काप चघळला की आधी कडू मग गोडसर अशीच दोन्हींची चव. ‘जिनसेंग म्हणजे ताकद’ एवढंच ठाऊक असलेला माणूस हाताला येईल ते उचलतो. चिनी वैद्यकाच्या हिशेबात मात्र ही दोन औषधं जवळजवळ उलट दिशांना तोंड करून उभी आहेत.

पहिलं आशियाई जिनसेंग. ईशान्य चीनमधले चांगबाई डोंगर, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग हा त्याचा मूळ मुलूख. दुसरं अमेरिकन, पूर्व कॅनडा आणि पूर्व अमेरिकेच्या पानगळीच्या जंगलांतलं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघं भावंडंच. पण पहिलं उष्ण, दुसरं थंड. आंबा उष्ण आणि ताक थंड म्हणणाऱ्या घरात याहून जास्त फोड करायला नको.

आशियाई जिनसेंगचा हंगाम हिवाळा. चिनी पंचांगात हिवाळा 7 नोव्हेंबरच्या आसपास लागतो, आणि शक्ती साठवायचे, पौष्टिक खायचे दिवस हेच मानतात. कोंबडीच्या सूपमध्ये हे मूळ मंद आचेवर शिजत ठेवतात. मूळ वाफवून वाळवलं की ते तांबूस-तपकिरी होतं. हे लाल जिनसेंग आणखी उष्ण समजलं जातं. हातपाय गार पडणारा, आवाज खोल गेलेला, दोन जिने चढून धापा टाकणारा माणूस याचं खरं गिऱ्हाईक. चेहरा लालबुंद, तोंड कोरडं, झोप उडालेली, अशाला ते बाधतं. हे जिनसेंग चालू असताना मुळा खाऊ नये, असंही जुनी मंडळी सांगतात. जिनसेंग शरीरातली ‘ची’, म्हणजे जीवनशक्ती, भरून काढतं आणि मुळा ती खाली उतरवतो, हे त्यामागचं गणित.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी. घामाबरोबर शक्ती जाते आणि अंगातला ओलावाही जातो. अशा वेळी वरून उष्ण औषध देणं म्हणजे आगीत तेल. तिथे अमेरिकन जिनसेंग लागतं. 19व्या शतकातले वैद्य वांग मंगयिंग यांचा उन्हाने गळून गेलेल्या रोग्यासाठीचा काढा आजही वापरात आहे. त्यात या जिनसेंगबरोबर कलिंगडाची हिरवी साल, कमळाचे देठ, बांबूची पानं आणि चक्क तांदूळ पडतात. औषधाची यादी वाचतानाच गार वाटावं! शरदातल्या कोरड्या हवेत घसा सुकला, ढास लागली, तरी हेच. कपात चार काप टाकून वर गरम पाणी ओतायचं, पाणी पीत राहायचं आणि शेवटी काप चावून खायचे.

गंमत अशी की हे थंड भावंड चीनला फार उशिरा भेटलं. जेझुइट पाद्री जार्तू यांनी 1711मध्ये बीजिंगहून लिहिलेल्या पत्रात मांचुरियातल्या, म्हणजे ईशान्य चीनमधल्या, जिनसेंगचं वर्णन केलं, आणि हे झाड आणखी कुठे सापडलंच तर कॅनडात सापडेल, असा अंदाजही बांधला. ते वाचून लाफितो या दुसऱ्या पाद्र्याने 1716मध्ये माँट्रियलजवळ मोहॉक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या वस्तीत ते शोधून काढलं. मग व्यापार असा फोफावला, की 1784मध्ये न्यूयॉर्कहून चीनमधल्या कँटन बंदराला निघालेल्या पहिल्या अमेरिकी व्यापारी जहाजात सुमारे 30 टन जिनसेंग होतं. म्हणजे हजारो वर्षांची परंपरा म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला हा अर्धा भाग जेमतेम तीन शतकांचा आहे. मला यात वैद्यांचं कौतुकच वाटतं. परदेशी मूळ हाती आल्यावर त्यांनी ते जुन्याच्या जागी खपवलं नाही, त्याला वेगळा स्वभाव आणि वेगळा ऋतू दिला.

प्रयोगशाळेतही फरक दिसतो. दोन्हींत जिनसेनोसाइड नावाची द्रव्यं असतात, पण त्यांचं प्रमाण वेगळं. आरएफ नावाचं जिनसेनोसाइड आशियाईत सापडतं, अमेरिकनमध्ये नाही. भेसळ पकडायला हीच खूण उपयोगी पडते. अर्थात एवढ्यावरून ‘उष्ण’ आणि ‘थंड’ सिद्ध झालं, असं कुणी म्हणू नये.

आणि ऋतूचा नियमही सीमा ओलांडला की बदलतो. कोरियात ऐन उन्हाळ्यातल्या ठरावीक तीन दिवशी लोक रांगा लावून कोंबडीचं जिनसेंग घातलेलं उकळतं सूप पितात, आणि ते जिनसेंग उष्णच असतं! उष्णतेला उष्णतेनेच मारायचं, हा त्यांचा हिशेब.

आपल्याकडे जिनसेंग बहुधा कॅप्सूलमधून येतं. बाटलीवर पॅनॅक्स जिनसेंग लिहिलं असेल तर ते आशियाई, पॅनॅक्स क्विंक्वेफोलियस असेल तर अमेरिकन. ‘भारतीय जिनसेंग’ म्हणून विकली जाते ती आपली अश्वगंधा. तिचं या दोघांशी काही नातं नाही, ती वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर ऋतू कोणताही असो, आधी डॉक्टरांना विचारा, कारण अमेरिकन जिनसेंगमुळे त्या गोळीचा परिणाम कमी होतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारावं. जिनसेंगने साखर आणखी खाली जाऊ शकते.