पोल घसरतो, अशी तक्रार नोंदवण्यापूर्वी
(घरी पोल डान्स शिकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून घरगुती पोल बसवून घेतलेल्या ग्राहकांचे पहिल्या महिन्यात जे फोन येतात, त्यांतील बहुतेकांचा विषय एकच असतो: पोल फार घसरतो, पॉलिश नीट झालेले दिसत नाही, बदलून मिळेल का. आमचा फिटर पाणसळ आणि पाने घेऊन पुण्याच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि तपासतो, तेव्हा पोल ओळंब्यात असतो, खालचा जॅक (पोल दाबून घट्ट बसवणारा स्क्रू) घट्ट असतो, वरचा डोम (पोलचे छताला टेकणारे टोक) स्लॅबला नीट टेकलेला असतो. ग्राहकाने मात्र घोट्यापर्यंतची लेगिंग्ज घातलेली असते किंवा अंघोळीनंतर अंगाला लोशन लावलेले असते. अशा फेरीत आपली सुट्टी आणि आमचा अर्धा दिवस जातो, आणि सराव होता तिथेच राहतो. त्यामुळे फोन करण्यापूर्वी हे पत्रक एकदा पूर्ण वाचावे, ही विनंती.

पकड त्वचेने बसते

पोलवर शरीर टिकते ते उघडी त्वचा आणि धातू यांच्यातील घर्षणावर. हात हा त्या पकडीचा केवळ एक भाग आहे. वर चढताना नडगी आणि पावलाची वरची बाजू पोलला एका बाजूने टेकतात, दुसऱ्या पायाची पोटरी समोरून दाबते, आणि पुढे गुडघ्याची लवण, मांड्या, कोपराची आतली बाजू, काख, कमरेची कड असे एकेक अवयव कामाला येतात. यांपैकी ज्या भागावर कापड असेल, तो भाग पकडीतून बाद झाला असे समजावे.

सुरुवातीलाच शिकवली जाणारी पोल सिट घेऊ. तीत पोल दोन्ही मांड्यांच्या मध्ये, अगदी वरच्या भागात धरायचा असतो, एका मांडीवर दुसरी मांडी घट्ट आवळायची असते, आणि पकड बसली अशी खात्री झाल्यावर हात सोडायचे असतात. शॉर्ट्स घालून हे केले, तर मांडीच्या आतल्या बाजूला चांगलीच आग होते, पण शरीर जागेवर राहते. लेगिंग्ज घालून केले, तर मांड्या कितीही आवळल्या तरी कापड धातूवरून सरकत राहते, आपण बोटबोटभर खाली येऊ लागतो, घाबरून पोल पुन्हा हातांनी धरतो आणि सगळा भार मनगटांवर घेतो. दोन-तीन आठवडे असेच चालले की मनगटे आणि कोपरे दुखू लागतात, आणि ग्राहक आम्हाला कळवतात की आपल्या अंगात ताकद नाही, किंवा वजन जास्त असल्यामुळे हा प्रकार आपल्यासाठी नाही. या दोन्ही निष्कर्षांना काहीही आधार नसतो. ज्या स्नायूंनी आणि ज्या त्वचेने भार उचलायचा, त्यांना आपण कामाला लावलेलेच नसते.

लोशन, तेल आणि सनस्क्रीन यांचे हेच आहे. सरावाच्या दिवशी यांपैकी काहीही हातापायांना लावू नये. डोक्याला खोबरेल लावून त्याच हातांनी पोल धरल्यास तो तेलकट थर पोलवर राहतो आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ हातांनाही जाणवतो, म्हणून सरावाआधी व नंतर सर्जिकल स्पिरिटचे दोन-चार थेंब टाकलेल्या सुती फडक्याने पोल पुसून घ्यावा. मात्र अगदी कोरडी त्वचाही घसरते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत ज्यांची कातडी पांढरी पडते, त्यांनी आदल्या रात्री मॉइश्चरायझर लावावे आणि सराव अंग चांगले गरम झाल्यावरच सुरू करावा, कारण थंड पोल आणि थंड अंग यांची पकड बसत नाही. मुंबई, ठाणे आणि कोकणातील ग्राहकांची अडचण उलटी असते. तिथे दमट हवेत तळहात ओले होतात. त्यांनी लिक्विड चॉक (तळहात कोरडे ठेवणारा द्रवरूप खडू) वापरावा. पोल नव्याने घेत असल्यास पितळी पोलचा विचार करावा, कारण क्रोमच्या तुलनेत पितळेची पकड चांगली बसते. पितळ काळवंडते आणि अधूनमधून पॉलिश मागते, हेही आम्ही विक्रीच्या वेळीच सांगतो.

ज्यांनी लहानपणी मल्लखांब केला आहे, त्यांचा या बाबतीत वेगळाच गोंधळ होतो, कारण लाकडी मल्लखांबाला एरंडेल तेल चोळलेले त्यांनी पाहिलेले असते. तिथे खांब सागवानी किंवा शिसवी असतो, चांगला जाड असतो, आणि तेलाने घर्षण कमी करून अंग सोलवटण्यापासून वाचवायचे असते. आमचा पोल गुळगुळीत धातूचा आणि ४५ मिलिमीटर व्यासाचा आहे, त्यामुळे घर्षण वाढवावे लागते. परंतु दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी रुजवलेल्या त्या विद्येतही खेळाडू अंगावर मोजके कपडे घालूनच खांबावर चढतो, आणि महाराष्ट्रात त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, याकडे आम्ही आदराने लक्ष वेधतो.

लेगिंग्ज का घातल्या जातात

पोल बसवताना आम्ही शॉर्ट्सबद्दल सांगतो, छापील सूचनाही देतो. तरीही लेगिंग्ज घातल्या जातात, कारण अडचण माहितीची नसून संकोचाची असते, आणि हा संकोच आम्ही क्षुल्लक मानत नाही. घरात सासूबाई असतात, मोठी मुले असतात, समोरच्या इमारतीची गॅलरी दिसत असते. त्याहून अवघड म्हणजे मांड्यांवरचे स्ट्रेच मार्क्स, आतल्या बाजूचा काळपटपणा, पायांवरचे केस, बाळंतपणानंतर सैल राहिलेले पोट हे सगळे आपल्या स्वतःलाच बघायचे नसते. आधी वजन कमी करू, मग शॉर्ट्स घालू, असे अनेक जणी सांगतात, आणि पोल महिनोन्‌महिने नुसता उभा राहतो.

यावर आमचे स्पष्ट मत असे की, खोलीचे दार लावावे, पडदा ओढावा, आरसा झाकावा आणि पहिल्याच दिवसापासून शॉर्ट्स घालाव्यात. केस काढण्याची गरज नाही. उलट सरावाच्या आधी लगेच पायांवर रेझर फिरवल्यास त्वचा जास्त चुरचुरते. सुरुवातीला मांड्यांवर आणि नडगीवर काळे-निळे डाग पडतील. ते पकड बसत असल्याचे लक्षण आहे आणि नियमित सरावाने कमी होत जातात. सूज किंवा सांध्यात कळ असल्यास मात्र थांबावे.

आमच्या ऑनलाइन वर्गासाठी ग्राहक सरावाचे छोटे व्हिडिओ पाठवतात, आणि त्यांत एक बदल आम्हाला वारंवार दिसतो. सुरुवातीच्या व्हिडिओसोबत प्रश्नाच्या आधी माफी येते: पोटाकडे लक्ष देऊ नका, कपडे बरोबर नाहीत, फार जाड दिसते आहे. काही आठवड्यांनी त्याच व्यक्तीच्या संदेशात ‘डावा गुडघा सुटतो आहे का’, ‘खांदा कानाकडे चढतो आहे का’ असे प्रश्न येऊ लागतात. ज्या मांडीकडे बघवत नव्हते, तिच्याच आधारावर हात सोडून बसता येते हे अनुभवल्यानंतर त्या मांडीविषयी बोलण्याची भाषा बदलते. आमच्या शिक्षिका व्हिडिओवर केवळ पकड, खांदे आणि पायांची जागा यांविषयीच अभिप्राय देतात. शरीराच्या आकाराविषयी, कौतुकाचेसुद्धा, काही बोलत नाहीत. काही ग्राहकांना हे रुक्ष वाटते, परंतु बारीक झाल्याचे कौतुक केले की पुढच्या वेळी नजर पुन्हा पोटावर जाते, असे आम्ही पाहिले आहे. याच कारणाने आमच्या जाहिरातींत ‘आधी आणि नंतर’ अशी छायाचित्रे नसतात.

या विषयावर संशोधनही झाले आहे. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हौसेने पोल शिकणाऱ्या स्त्रियांची विद्यार्थिनींशी तुलना केली, तेव्हा पोल शिकणाऱ्यांचा आपल्या शरीराकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक सकारात्मक आढळला. तथापि, अशा तुलनेवरून पोलमुळेच हा फरक पडला असे सिद्ध होत नाही, कारण शरीराविषयी मुळात कमी संकोच असणाऱ्या स्त्रियाच पोलकडे वळत असण्याचीही शक्यता आहे. म्हणून आम्ही आत्मविश्वासाची हमी देत नाही, आणि जे ती देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. खाण्याविषयी किंवा शरीराविषयी मनात सतत त्रास होत असेल, तर पोलबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

हा प्रकार क्लबमधला ना, असेही विचारले जाते. होय, आजच्या पोल डान्समधील बरेच कौशल्य उत्तर अमेरिकेतील स्ट्रिप क्लबांमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांनी घडवले, १९९० च्या दशकात त्यांच्यापैकीच काहींनी ते इतर स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय महासंघ आज त्याच्या क्रीडास्पर्धा भरवतो. त्या स्त्रियांचे ऋण लपवावे असे आम्हाला वाटत नाही. घरी आपण ते व्यायाम म्हणून करावे की नृत्य म्हणून, हा सर्वस्वी आपला निर्णय आहे.

सिलिकॉनचा पोल आम्ही लगेच का देत नाही

कपडे घालून वापरता येणारा सिलिकॉनचे आवरण असलेला पोल बाजारात मिळतो, आमच्याकडेही आहे. तरीही नवशिक्या ग्राहकाने तो मागितला की आम्ही आधी बोलून घेतो, आणि यावर नाराजी व्यक्त झालेली आहे. त्यामागचे कारण असे: सिलिकॉन कापडाला इतके चिकटते की सरकत खाली येणे आणि पोलभोवती हात फिरवत केलेल्या साध्या गिरक्या अवघड होतात, आणि उघडी त्वचा त्यावर घासली गेल्यास सालटे निघते. शिवाय त्यावर शिकलेली पकड धातूवर पुन्हा शिकावी लागते. ज्यांना धार्मिक, कौटुंबिक किंवा त्वचेच्या कारणाने पाय झाकूनच सराव करायचा आहे, त्यांच्यासाठी तो योग्य पर्याय आहे आणि त्यांना तो आम्ही आनंदाने देतो. केवळ लेगिंग्जमध्ये घसरायला होते म्हणून मात्र त्यावर खर्च करू नये. तेच पैसे १० सेंटिमीटर जाडीच्या क्रॅश मॅटवर (पोलखाली अंथरायच्या गादीवर) खर्च करावेत, असा आमचा सल्ला असतो.

मागणीपत्रात वजन विचारले जाते, त्यावरूनही संकोच होतो आणि आकडा कमी लिहिला जातो. प्रत्येक पोलची भार पेलण्याची मर्यादा ठरलेली असते आणि गिरकी घेताना पोलवर येणारा जोर स्थिर वजनापेक्षा जास्त असतो. तो आकडा फक्त पोल निवडण्यासाठी वापरला जातो. शिक्षिकांना तो कळवला जात नाही.

थोडे घराविषयी आणि दागिन्यांविषयी

दाबाने बसणारा पोल वरच्या बाजूला पक्क्या आरसीसी स्लॅबलाच टेकला पाहिजे. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला तो कधीही टेकवू नये, आणि घरात फॉल्स सीलिंग असल्यास मागणी नोंदवतानाच सांगावे, म्हणजे तेथे कापून जागा करायची की स्वतंत्र चौथऱ्यावर उभा राहणारा पोल घ्यायचा हे आधी ठरवता येते. जुन्या वाड्यांमध्ये पोल तुळईखालीच बसवला जातो. पोलभोवती सर्व बाजूंनी दीड मीटर जागा मोकळी हवी. बसवल्यानंतर काही दिवसांनी आणि पुढे दर सरावापूर्वी जॅक तपासावा. किती आवळायचा हे फिटर दाखवतो. सुरुवातीचे काही आठवडे पोल स्टॅटिकवरच (न फिरणारा) ठेवावा, स्पिनवर (पोल स्वतः फिरत असताना) नवख्याला चक्कर येते.

अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, पैंजण आणि विशेषतः जोडवी काढून ठेवावीत. जोडव्यांमुळे चढताना पायाची बोटे दबतात आणि पोलवर ओरखडे उठतात. तेच ओरखडे पुढे मांडीला कापतात. जोडवी निघत नसतील, तर त्यांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळावी. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते, त्यांनी क्रोमचा पोल घेऊ नये, कारण क्रोमच्या थराखाली बहुधा निकेल असते. त्यांच्यासाठी पावडर कोटिंगचा पोल उपलब्ध आहे.

गर्भवती स्त्रियांनी, खांद्याची दुखापत झालेल्यांनी, आणि रक्तदाब किंवा डोळ्यांतील दाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. उलटे होण्याचे प्रकार आम्ही कोणालाही रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकवत नाही. ते थेट वर्गातच, आणि पोलवर चढणे-उतरणे दोन्ही बाजूंनी पक्के झाल्यावरच सुरू होतात. थांबावे लागल्यामुळे काही ग्राहक अन्यत्र गेले आहेत, तरीही हा नियम आम्ही बदललेला नाही.

तक्रार नोंदवताना

शॉर्ट्स घालून, लोशन न लावता, पोल स्पिरिटने पुसून आणि अंग गरम करून किमान दोन वेळा सराव करून पाहावा. तरीही घसरत असल्यास अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवावा. तो आपल्याच नंबरवरून शिक्षिकांच्या नंबरवर यावा. फिटर किंवा कार्यालयातील अन्य कोणी तो पाहत नाही आणि अभिप्राय दिल्यानंतर तो काढून टाकला जातो. व्हिडिओ पाठवायचा नसल्यास फोनवर वर्णन केले तरी चालेल. पोल हलत असेल, तिरका झाला असेल किंवा जोडाजवळ आवाज येत असेल, तर सराव ताबडतोब थांबवून आम्हाला फोन करावा. अशा वेळी व्हिडिओची अट नाही आणि फेरीचे पैसे घेतले जात नाहीत. दोष पोलचा निघाल्यास तो बदलून दिला जातो. फेरीच्या वेळी स्त्री कर्मचारी हवी असल्यास तसे आधी कळवावे.