निळ्या पोर्टाच्या शेजारी माउस का अडखळतो?

माउस मध्येच मेला की घरोघरी ठरलेला क्रम सुरू होतो. आधी सेल बदलायचे, मग व्हायरसच्या नावाने बोटं मोडायची, मग विंडोज नव्याने टाकायचं आणि शेवटी नवा माउस आणायचा. तोही आठवडाभरात तसाच वागायला लागला की 'हल्लीचा मालच बेकार' असा निकाल. या सगळ्यात एक साधा प्रश्न राहून जातो: संपर्क तुटला तो नेमका कुठे?

डोंगलवाल्या, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणाऱ्या, माउसचे किंवा की-बोर्डचे दुवे दोन. माउसपासून डोंगलपर्यंत रेडिओलहरी आणि डोंगलपासून कॉम्प्युटरपर्यंत यूएसबी. कोणता दुवा तुटतोय हे ओळखायला स्पीकर चालू ठेवा. यूएसबीवरून काहीही निघालं किंवा जोडलं गेलं की विंडोज आवाज करतं. माउस थिजला आणि आवाज आला, तर कॉम्प्युटरला डोंगलच दिसेनासा झालाय. आवाज न येता थिजला, तर डोंगल जागेवर आहे, त्याला माउसचं ऐकू येत नाही एवढंच. पहिल्या दुखण्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून ही तपासणी आधी.

आवाज न येणारं दुखणं जास्त गमतीचं आहे. असे माउस, ब्लूटूथ आणि वाय-फायचा जुना पट्टा, सगळे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झमध्ये, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथलाच, २४५० च्या आसपासचा. गर्दी आहे, पण गर्दीवर तोड केव्हाच निघाली आहे. वाय-फायचं एक चॅनल साधारण २० मेगाहर्ट्‌झ अडवतं, बाकीची जागा मोकळी राहते. पारंपरिक ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वारंवारता बदलतं आणि गजबजलेल्या जागा टाळत राहतं. त्यामुळे 'शेजाऱ्याच्या वाय-फायमुळे माउस अडकतो' हे निदान दर वेळी खरं नसतं.

पळायला जागाच न ठेवणारा गोंगाट बहुतेक वेळा लॅपटॉपच्याच कुशीत असतो: बाहेरची हार्डडिस्क लावलेलं यूएसबी ३.० चं निळं पोर्ट. यूएसबी ३.० सेकंदाला ५ अब्ज बिट पाठवतं, म्हणजे एका बिटाला २०० पिकोसेकंद. तारेवर १-०-१-० असे बिट लागोपाठ आले तर दोन बिटांत एक लाट पूर्ण होते. ४०० पिकोसेकंदांची लाट म्हणजे २.५ गिगाहर्ट्‌झ, माउसच्या पट्ट्याला अगदी खेटून.

खरा डेटा इतका शिस्तीत नसतो, शिवाय पाठवण्याआधी तो मुद्दाम विस्कटतात. याला स्क्रॅम्बलिंग म्हणतात. सगळी ऊर्जा एखाद्याच वारंवारतेवर साचली तर तिथे मोठा सुळका उभा राहतो आणि यंत्र रेडिओ-गोंगाटाच्या नियमांत बसत नाही. विस्कटल्यावर सुळका जातो, ऊर्जा मात्र कुठेच जात नाही. ती शून्यापासून ५ गिगाहर्ट्‌झपर्यंत पसरते. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी: स्वैर क्रमाने येणाऱ्या चौकोनी स्पंदांच्या वर्णपटाचा आकार साइन एक्स भागिले एक्स याच्या वर्गासारखा असतो. त्याचं पहिलं शून्य बिटदराइतक्या वारंवारतेवर, म्हणजे इथे ५ गिगाहर्ट्‌झवर पडतं. २.४ गिगाहर्ट्‌झ या टेकाडाच्या ऐन उतारावर येतं. किंमत घालून पाहिली तर शिखराच्या साधारण ४४ टक्के ऊर्जाघनता तिथे अजून शिल्लक असते.

मग फिल्टर लावून तेवढा पट्टा कापून का टाकत नाहीत? कारण तो गोंगाट बाहेरून आलेला नाही, तो डेटाच आहे. २.४ च्या आसपासचं कापलं तर बिटांचा आकारच बिघडेल. सेकंदाला १० अब्ज बिटांच्या पुढच्या आवृत्तीत शून्य १० गिगाहर्ट्‌झवर सरकतं, पण माउसचा पट्टा टेकाडाच्या आतच राहतो.

इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर श्वेतपत्रिका काढली. यूएसबी ३.० ची डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढतो, असं मोजमाप तीत आहे. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. मोकळ्या जागेत लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, त्यामुळे शंभर पट गोंगाटात माउसचा पल्ला दहा पटींनी आखडतो: १० मीटरचा १ मीटर. सगळा पट्टाच वर उचलला गेल्यामुळे ब्लूटूथच्या उड्याही इथे कामाला येत नाहीत. जिथे उडी मारावी तिथे तोच गोंगाट.

पडताळा सोपा आहे. डिस्कवर ५-१० जीबीची फाइल कॉपी करायला लावा आणि माउस फिरवा. कॉपी सुरू असताना अडखळला आणि संपल्यावर सुरळीत झाला, तर गुन्हेगार सापडला. रिकामं निळं पोर्ट निरुपद्रवी असतं. गोंगाट वाहत्या डेटाचा असतो आणि तो कनेक्टर, केबल आणि डिस्कच्या खोक्यातून झिरपतो. डोंगल त्याला चिकटून, दोन सेंटिमीटरवर बसवलेला असतो. तो दुसऱ्या बाजूच्या पोर्टात न्या. त्याहून उत्तम म्हणजे मीटरभर लांबीची यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल माउसशेजारी आणा. २.० चीच मागा. तिच्यात चारच तारा असतात, वेगवान डेटाच्या जोड्या नसतात. कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आड लावलेल्या डोंगललाही हीच केबल तारते. लहरी 'शोषून घेणारे' म्हणून विकले जाणारे स्टिकर यात काडीचं काम करत नाहीत. मोबाइलवर लावलेल्या स्टिकरने लहरी खरोखर शोषल्या असत्या, तर आधी मोबाइलची रेंज गेली असती.

सेलबद्दल थोडक्यात: भिंतीवरच्या घड्याळात चालणारे स्वस्त झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल माउसला घालू नका, अल्कलाइन घाला. स्वस्त सेलचा अंतर्गत रोध वाढत जातो आणि लहर सोडण्याच्या क्षणी व्होल्टेज खचतं.

आता आवाज करत तुटणारं दुखणं, ज्यात वायरचे माउसही आले. साध्या माउसच्या आत १.५ किलोओहमचा एक रोध (रेझिस्टर) असतो आणि तो डेटाच्या दोनपैकी एक तार ३.३ व्होल्टकडे ओढून धरतो. कॉम्प्युटरच्या बाजूला दोन्ही तारा १५ किलोओहमने शून्याकडे ओढलेल्या असतात. दोघांच्या ओढाताणीत तारेवर साधारण ३ व्होल्ट राहतात. हे ३ व्होल्ट म्हणजेच 'माउस हजर आहे'. दोन्ही तारा सुमारे अडीच मायक्रोसेकंद शून्यावर राहिल्या की माउस काढला गेला असं कॉम्प्युटर धरतं. मग किमान १०० मिलिसेकंद थांबणं, रीसेट, नवा पत्ता, पुन्हा ओळख. तार क्षणभर सुटली तरी हे सगळं सोपस्कारासह होतं.

तार तुटते ती बहुतेक माउसच्या मानेपाशी, जिथे ती सतत वाकते. एकेक बोटभर भाग वाकवत पुढे जा, आवाज आला ती जागा. माउस उघडून चारही तारा मल्टिमीटरने तपासा, दोषी तुकडा कापून पुन्हा सोल्डर करा. रंगांवर विसंबू नका, स्वस्त केबलमध्ये ते काहीही असतात. पंप किंवा पंखा चालू-बंद करताना की-बोर्ड जात असेल तर ठिणगीचा उपद्रव समजा. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर त्यासाठी एक संदेशच आहे, 'हबने पोर्ट बंद केलं, ईएमआय?' असा, प्रश्नचिन्हासकट. हा ईएमआय कर्जाचा हप्ता नव्हे, विद्युतचुंबकीय व्यत्यय.

हबचा, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीचा, हिशोबही पाहा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. ॲडॅप्टर नसलेला हब त्यातूनच भागवतो आणि पुढच्या प्रत्येक पोर्टाला नियमाने १०० देतो. दिव्यांच्या रोषणाईचा की-बोर्ड त्याहून कितीतरी जास्त मागू शकतो. तो थेट कॉम्प्युटरलाच लावा.

थोडा वेळ हात थांबल्यावरच उपकरण जात असेल तर कारण वीजबचत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' वर दोनदा क्लिक करा, 'पॉवर मॅनेजमेंट' मध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. असे हब एकाहून जास्त असतात, प्रत्येकाची काढावी लागते. लॅपटॉपवर पॉवर ऑप्शन्समधलं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही बंद करा. माउस ब्लूटूथचा असेल तर हीच खूण ब्लूटूथ ॲडॅप्टरच्या नावाखाली शोधा.