‘सुपर्ब’ हे नाव पुन्हा वापरण्यामागची पार्श्वभूमी

एप्रिल २०२४ मध्ये स्कोडा सुपर्ब ही सेदान भारतीय बाजारात परत आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५४ लाख रुपये होती आणि साऱ्या देशासाठी मिळून फक्त १०० गाड्या ठेवण्यात आल्या होत्या. त्याआधी वर्षभरच, एप्रिल २०२३ पासून उत्सर्जनाच्या नियमांचा पुढचा टप्पा लागू झाला तेव्हा, हीच गाडी येथील विक्रीतून बाहेर पडली होती आणि त्या वेळी ती पस्तीस लाखांच्या आसपास मिळत होती. त्यामुळे ‘सुपर्ब परत आली’ ही बातमी वाचताना नेमके काय परत आले, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर २०२४ पाशी सापडत नाही, कारण हे नाव याआधीही एकदा पन्नासहून अधिक वर्षे नाहीसे होऊन परत आलेले आहे, आणि ते पहिले परतणे अधिक वादाचे व अधिक परिणामकारक ठरले.

गोव्यातील वाचकाला मोटारीचे नाव ही गोष्ट किरकोळ वाटणार नाही, असे मी धरून चालतो. १९५५ नंतरच्या आर्थिक नाकेबंदीच्या काळात पोर्तुगीज राजवटीने बाहेरून येणाऱ्या मालाला मोकळीक दिली होती, खाणींचा पैसा नुकताच खेळू लागला होता, आणि भारतात परवान्याशिवाय न मिळणाऱ्या परदेशी गाड्या येथे भाटकारांच्या (जमीनदारांच्या) व खाणमालकांच्या दारात उभ्या राहिल्या. १९६१ च्या मुक्तीनंतर आयातीचे भारतीय नियम लागू झाले आणि नव्या गाडीसाठी मुख्यतः अँबेसेडर किंवा फियाट हेच पर्याय राहिले. जुन्या परदेशी गाड्या मात्र अनेक घरांनी जपल्या, दुरुस्त करून वापरल्या, आणि त्या घरांत गाडीचा उल्लेख तिच्या नावानेच होत राहिला. नाव टिकते आणि गाडी बदलते, हा अनुभव येथे जुना आहे.

मूळ सुपर्ब १९३४ ची. म्लादा बोलेस्लाव या चेक गावातील कारखान्यात तोवर गाड्यांना आकड्यांनी ओळखले जाई. तीसच्या दशकाच्या मध्यावर त्यांना शब्दांची नावे देण्यास सुरुवात झाली आणि पॉप्युलर, रॅपिड, फेव्हरिट व सुपर्ब अशी श्रेणी तयार झाली. सुपर्ब तिच्या शिरोभागी होती. सहा सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन, ५५ अश्वशक्ती आणि मधोमध एकच जाड नळी असलेला सांगाडा, अशी तिची सुरुवातीची रचना होती. पुढे इंजिन तीन लिटरच्या पलीकडे गेले आणि १९३९ मध्ये चार लिटरचे आठ सिलिंडरचे रूपही आले, पण ते मोजक्याच गाड्यांपुरते राहिले, कारण मार्च १९३९ मध्ये देशच जर्मन ताब्यात गेला. युद्धकाळात याच मालिकेतून लष्करी वाहने तयार झाली. युद्ध संपल्यावर १९४६ ते १९४९ या काळात दीडशेच्या आसपास गाड्या बनल्या आणि त्या प्रामुख्याने सरकारी कामासाठी गेल्या. त्यानंतरच्या नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत मोठ्या सरकारी मोटारी दुसऱ्या कारखान्याकडे सोपवल्या गेल्या, म्लादा बोलेस्लावकडे सामान्य माणसाच्या लहान गाड्या राहिल्या, आणि सुपर्ब हे नाव थांबले.

मधल्या चाळीस वर्षांत त्या कारखान्याने जे केले त्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच नोंदवावे लागेल की ऑक्टाव्हिया आणि फेलिशिया ही दोन नावे १९५९ मध्ये आली, लोकप्रिय झाली आणि मागे पडली. १९९१ मध्ये कंपनी फोक्सवॅगन या मोठ्या जर्मन समूहात सामील झाली. त्यानंतर जुनी नावे एकेक करून पुन्हा बाहेर काढण्यात आली. १९९४ मध्ये फेलिशिया आली, १९९६ मध्ये ऑक्टाव्हिया. या दोन्ही निर्णयांवर फारसा वाद झाला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. साठच्या दशकात ज्यांनी ऑक्टाव्हिया चालवली होती किंवा वडिलांना चालवताना पाहिली होती, असे असंख्य लोक हयात होते. नाव ऐकताच त्यांना एक खरी गाडी आठवत होती.

२००१ मधला निर्णय या पठडीतला नव्हता. त्या वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात मोठ्या सेदानचे संकल्पनारूप दाखवले गेले तेव्हा तिचे नाव माँत्रो असे होते. विक्रीसाठी मात्र सुपर्ब हे नाव निवडले गेले. मूळ सुपर्ब थोड्या संख्येने बनलेली, श्रीमंतांनी आणि सरकारने वापरलेली गाडी होती, आणि तिचे शेवटचे उत्पादन थांबून ५२ वर्षे झाली होती. नव्या गाडीच्या संभाव्य गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ कोणाकडेही तिची स्वतःची आठवण नव्हती. म्हणजे येथे लोकांच्या आठवणीतले नाव उचलले गेले नाही. कारखान्याच्या स्वतःच्या आठवणीतले नाव लोकांपुढे ठेवले गेले. जुने नाव वापरण्याचे हे दोन प्रकार एकाच शीर्षकाखाली मोजले जातात, पण त्यांतली जोखीम सारखी नसते. पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक जुन्या गाडीशी तुलना करतो. दुसऱ्या प्रकारात तुलनेसाठी त्याच्यापाशी काहीच नसते, आणि नावाचा सगळा भार नव्या गाडीलाच उचलावा लागतो.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा गाडीच्या अंतरंगाबद्दल होता. २००१ ची सुपर्ब ही समूहातीलच पसाट या जर्मन सेदानच्या प्लॅटफॉर्मवर बेतलेली होती. चिनी बाजारासाठी त्या पसाटचे लांब केलेले रूप आधीच तयार झाले होते, आणि तोच लांब सांगाडा येथे वापरला गेला. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, १०० मिलिमीटरने वाढून २,८०३ मिलिमीटर झाला. इंजिने, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे सारे समूहाच्या सामायिक भांडारातून आले. ज्या नावाने एके काळी स्वतंत्र रचनेची, स्वतःच्या इंजिनाची सरकारी मोटार ओळखली जात होती, ते नाव दुसऱ्याच्या गाडीचा सांगाडा ताणून बनवलेल्या सेदानला द्यावे का, असा हा प्रश्न होता, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. त्यात भर म्हणजे, ज्या समूहाकडे पसाट आहे त्याच समूहातील स्वस्त समजल्या जाणाऱ्या कंपनीने पसाटहून लांब गाडी आणावी आणि तिला इतके भारदस्त नाव द्यावे, हे समूहांतर्गत क्रमवारीच्या दृष्टीनेही अवघड होते.

माझ्या मते तरीही तो निर्णय योग्य होता, आणि त्याचा पुरावा त्या १०० मिलिमीटरमध्येच आहे. वाढवलेली लांबी जवळजवळ सगळी मागच्या सीटसमोर गेली. मूळ सुपर्ब ही मागे बसणाऱ्याची गाडी होती, चालक पुढे आणि अधिकारी मागे अशा वापरासाठी घडवलेली. नव्या गाडीने इंजिनाचा स्वतंत्र वारसा जपला नाही, पण हा एक गुण नेमका उचलला, आणि तोही अशा किमतीत की आलिशान जर्मन सेदानमध्ये तेवढी जागा मिळवायला पुष्कळ अधिक पैसे मोजावे लागत. मागच्या दारात छत्री ठेवण्याची खोबण दिली होती, हीदेखील मागे बसणाऱ्याचा विचार करणाऱ्या माणसाचीच कल्पना. प्रमुख सेदानला जुने नाव देताना जुन्या गाडीचे सगळे गुण आणता येत नाहीत. कोणता एक गुण आणायचा हे ठरवावे लागते. येथे ते ठरवले गेले होते.

उलट उदाहरण अमेरिकेतील आहे. लिंकन कॉन्टिनेंटल हे नाव २००२ मध्ये थांबले होते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात संकल्पनारूप दाखवून पुढच्या वर्षी ते प्रमुख सेदानसाठी पुन्हा आणले गेले आणि २०२० मध्ये उत्पादन बंद पडले. १९६१ च्या कॉन्टिनेंटलची जी खूण सर्वांना आठवत होती, ती उलटी उघडणारी मागची दारे, नव्या गाडीच्या सुरुवातीच्या रूपात नव्हती. २०१९ मध्ये ८० गाड्यांच्या मर्यादित आवृत्तीत ती आली, तोवर सेदानची मागणीच ओसरत चालली होती.

सुपर्बची दुसरी पिढी २००८ मध्ये आणि तिसरी २०१५ मध्ये आली. दोन्हींत मागची जागा हा कणा कायम राहिला. दुसऱ्या पिढीत डिकी दोन प्रकारे उघडणारी होती, नुसते झाकण किंवा काचेसह अख्खा दरवाजा. तिसऱ्या पिढीपर्यंत नावाभोवतीचा वाद संपलेला होता. २००१ मध्ये उसने वाटणारे नाव पंधरा वर्षांच्या सलग वापराने गाडीचे स्वतःचे झाले.

भारतात हा सलगपणा राहिला नाही, आणि येथील गुंतागुंत समजून घेतल्याशिवाय २०२४ चा प्रसंग कळणार नाही. कंपनी २००१ च्या अखेरीस ऑक्टाव्हियासह येथे आली. जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत होई. २००४ मध्ये सुपर्ब आली. २००५ मध्ये ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी आणताना मात्र तिला लॉरा हे वेगळेच नाव देण्यात आले, कारण पहिली ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती आणि ती बंद करायची नव्हती. परिणामी एकाच गाडीच्या दोन पिढ्या दोन नावांनी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. २०१० मध्ये पहिली बंद झाली. २०१३ मध्ये तिसरी पिढी आली तेव्हा लॉरा हे नाव टाकून पुन्हा ऑक्टाव्हिया म्हटले गेले. २०११ मध्ये रॅपिड हे १९३५ चे नाव भारतीय सेदानला मिळाले आणि पुढच्याच वर्षी युरोपात त्याच नावाची निराळी गाडी आली. २०२२ मध्ये रॅपिडच्या जागी स्लाव्हिया आली, आणि ते नाव तर मोटारीचेही नव्हते. १८९५ मध्ये त्या कारखान्याच्या संस्थापकांनी बनवलेल्या सायकलींचे होते. जुन्या वहीतून नावे काढण्याची ही हौस आहे, पण तिला येथे शिस्त नव्हती. जुनी गाडी विकायला काढणाऱ्या माणसाला लॉरा म्हणजे ऑक्टाव्हियाच, हे आजही समजावून सांगावे लागते.

या गोंधळात सुपर्ब एकटी सुरक्षित राहिली. २००४, २००९ आणि २०१६ अशा तिन्ही पिढ्या एकाच नावाने आल्या. मागे बसणाऱ्या मालकाची गाडी म्हणून तिची ओळख येथे पक्की झाली, आणि गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे चालक ठेवून मोठी गाडी बाळगण्याची रीत मुक्तीपूर्व काळापासूनची आहे, ती ओळख सहज रुजण्यासारखी होती. २०२० मध्ये भारत स्टेज सहा या उत्सर्जन नियमांच्या पहिल्या टप्प्यात डिझेल इंजिन गेले आणि १९० अश्वशक्तीचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन तेवढे उरले. लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी डिझेल जाणे हा मोठा धक्का होता. त्याच काळात उंच गाड्यांकडे कल वाढला. पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि वाड्या-वाड्यांतले उंच गतिरोधक पाहता लांब व्हीलबेसच्या सेदानविषयी गोव्यातही मन साशंक होत गेले. एप्रिल २०२३ चा टप्पा हा शेवटचा घाव होता, एकमेव नव्हे.

२०२४ मध्ये जी गाडी आली ती पूर्ण तयार अवस्थेत आयात केलेली होती. सुटे भाग आणून येथे जुळणी केली तर सीमाशुल्क बरेच कमी लागते. तयार गाडीवर ते त्या वेळी किमतीनुसार ७० किंवा १०० टक्के होते. (सुट्या भागांचे शुल्क नेमके कोणत्या दराने द्यायला हवे होते, याचा स्वतंत्र वाद महसूल यंत्रणा आणि कंपनी यांच्यात २०२४ मध्येच उभा राहिला, त्यात सुपर्बच्या आधीच्या जुळणीचाही उल्लेख आहे.) परदेशी मानकांची पूर्तता करणाऱ्या गाड्या वर्षाला २,५०० पर्यंत, येथील स्वतंत्र प्रमाणीकरणाशिवाय आणण्याची मुभा सरकारी नियमांत आहे, त्यामुळे मर्यादित संख्येची आयात सोपी होते. हिशेब म्हणून यात चूक काढता येत नाही.

खटकणारी गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्येच सुपर्बची चौथी पिढी जगापुढे आली होती. तरीही पाच महिन्यांनी भारतात आणलेल्या १०० गाड्या तिसऱ्या पिढीच्या होत्या, म्हणजे येथे वर्षभरापूर्वी बंद झालेलीच गाडी, काही वाढीव सोयींसह आणि जवळपास दीडपट किमतीला. नावाच्या निष्ठावंत गिऱ्हाइकांना हा सन्मान वाटावा अशी मांडणी करण्यात आली. मला ती मांडणी पटत नाही. ज्या नावाची किंमत ‘थोड्या पैशांत मोठी जागा’ या एका गुणावर वीस वर्षे वाढली, ते दुर्मीळपणाच्या आधाराने विकणे म्हणजे तो गुण सोडून देणे होय.

युरोपात याच काळात उलट घडले, याची येथे फारशी दखल घेतली गेली नाही. चौथ्या पिढीची सुपर्ब आणि नवी पसाट यांचा विकास एकत्र झाला आणि त्याचे नेतृत्व चेक कंपनीकडे होते. दोन्ही गाड्या स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथील कारखान्यात बनतात. युरोपातील नवी पसाट आता फक्त इस्टेट रूपात, म्हणजे छत सामानाच्या जागेवरून थेट मागेपर्यंत नेलेल्या रूपात, मिळते. इस्टेट नको असणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या जोडीत सुपर्बकडेच यावे लागते. २००१ मध्ये पसाटचा सांगाडा ताणून हे नाव ज्या गाडीला दिले गेले, तिने त्या प्रकारात पसाटची जागा घेतली आहे.

भारतात ही चौथी पिढी कोणत्या मार्गाने येते यावर येथील नावाचे पुढचे दिवस ठरतील. तयार गाडी म्हणून शंभर-दोनशेच्या संख्येत ती आली, तर ती हौशी संग्राहकांपर्यंत पोहोचेल. शेंद्र्यात पुन्हा जुळणी झाली, तरच किंमत पणजी-मडगावातल्या त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यात येईल, ज्याने पहिली सुपर्ब विकून दुसरी आणि दुसरी विकून तिसरी घेतली होती.