टाकाऊ तेल एक, इंधनं दोन: बायोडिझेल आणि रिन्यूएबल डिझेल

तळणीतून उरलेल्या काळपट तेलापासून गाडीचं इंधन बनतं, हे आता बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. पण ‘त्याचं बायोडिझेल करतात’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा दोन निराळी इंधनं एकाच नावाखाली सांगून मोकळे होतो. एक खरोखरचं बायोडिझेल. दुसरं रिन्यूएबल डिझेल, ज्याला एचव्हीओ (हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं वनस्पती तेल) असंही म्हणतात. कच्चा माल तोच आणि इंजिनही तेच, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. तरी ती वेळीच दूर केलेली बरी, कारण कोणतं इंधन कुणी बनवावं, किती साठवावं आणि कशात भरावं, हे सगळं या फरकावर ठरतं.

आधी तेलाकडे पाहू. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा एक छोटा कणा आणि त्याला लोंबणाऱ्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. या अवजड रेणूमुळे तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असतं. ते तसंच इंजिनात घातलं तर इंजिन चालत नाही असं नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण दाट तेलाचा फवारा नीट उडत नाही, ते अर्धवट जळतं, आणि हळूहळू नोझलवर कार्बनची पुटं चढतात. म्हणून ‘तेल गाळलं की झालं बायोडिझेल’ हा समज आधी सोडायला हवा. शेपट्या कण्यापासून सुट्या केल्याशिवाय आधुनिक इंजिनाला चालेल असं इंधन होत नाही. त्या कशा सोडवायच्या, इथेच दोन वाटा फुटतात.

बायोडिझेलची वाट सौम्य आहे. कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळवायचा, ते मिश्रण गरम तेलात घालायचं आणि साठ अंशांच्या आसपास ढवळत ठेवायचं. मिथेनॉल ६५ अंशांना उकळू लागतं, म्हणून त्याच्या आतच थांबायचं. प्रत्येक शेपटी कणा सोडून मिथेनॉलला जोडली जाते, मिथिल एस्टर तयार होतं, आणि तेच बायोडिझेल. या पद्धतीचं पेटंट बेल्जियममध्ये १९३७ सालीच घेतलेलं आहे. तिथे मिथेनॉलऐवजी इथेनॉल आणि पामतेल वापरलं होतं.

ढवळणं थांबवल्यावर काचेच्या भांड्यात जे घडतं, ते मला कितीही वेळा पाहिलं तरी पुन्हा पाहावंसं वाटतं. एकजीव दिसणाऱ्या मिश्रणातून गडद तपकिरी धागे खाली उतरू लागतात. थोड्या वेळात तळाला मधासारखं घट्ट ग्लिसरीन बसतं आणि वर सोनेरी, पातळ थर राहतो. हिशेबही सुटसुटीत आहे: १०० किलो तेल आणि सुमारे ११ किलो मिथेनॉल घातलं, की साधारण १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन हाती येतं. प्रत्यक्षात मिथेनॉल याच्या दुप्पट घालतात, म्हणजे क्रिया अर्ध्यावर थांबत नाही. उरलेलं मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचं असतं. ते वाफेबरोबर किंवा धुण्याच्या पाण्याबरोबर सोडून देणाऱ्या कारखान्याला शाश्वत म्हणायला माझी जीभ रेटत नाही, मग कच्चा माल कितीही टाकाऊ असो. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. हा स्वयंपाकघरात करून पाहण्याचा प्रयोग नव्हे.

टाकाऊ तेलाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. वारंवार तापलेल्या तेलात पाणी शिरतं, शेपट्या आपोआप तुटतात आणि सुटी मेदाम्लं वाढत जातात. अशा तेलात क्षार, म्हणजे तो कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश, घातला की इंधनाआधी साबण तयार होतो. मग थर वेगळे होतच नाहीत, नुसतं दुधाळ गाळ झालेलं भांडं समोर राहतं. म्हणून प्रत्येक खेपेचं तेल आधी तपासतात: थोडं तेल अल्कोहोलमध्ये घेऊन फिनॉल्फथॅलिन हे रंगदर्शक घालायचं आणि पातळ क्षाराचे थेंब सोडत गुलाबी रंग टिकेपर्यंत मोजायचे. आम्लता जास्त निघाली तर आधी सल्फ्युरिक आम्लाच्या मदतीने ती सुटी मेदाम्लं मिथेनॉलशी जोडून घ्यायची, आणि मगच क्षाराची पायरी. काम झाल्याची एक साधी चाचणीही आहे. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवायचं. सगळं विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब दिसला, तर रूपांतर अपुरं आहे.

रिन्यूएबल डिझेलची वाट जोराची आहे. इथे मिथेनॉल नाही, हायड्रोजन आहे. तीन-चारशे अंश तापमान, वातावरणाच्या कित्येक पटींचा दाब आणि धातूचा उत्प्रेरक यांच्या साहाय्याने तेलातला ऑक्सिजन काढून टाकला जातो. तो पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, आणि ग्लिसरीनचा कणा प्रोपेन वायू बनतो. उरतात ते सरळ साखळीचे हायड्रोकार्बन. त्या साखळ्यांना थोड्या फांद्या फोडल्या, की थंडीतही न गोठणारं इंधन मिळतं. हे शेडमधल्या टाकीत होणारं काम नाही, त्याला रिफायनरी लागते. फिनलंडमधल्या पोर्व्हो इथे नेस्टे या कंपनीने २००७ साली असा कारखाना सुरू केला.

वापरताना जाणवणारे बहुतेक फरक एकाच गोष्टीतून येतात: बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, रिन्यूएबल डिझेलमध्ये जवळजवळ नसतो. त्यामुळे बायोडिझेल पाणी धरून ठेवतं, साठवणीत हवेने खराब होतं, जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगवतं. वर्षानुवर्षं टाकीत बसलेला गाळही ते सोडवतं, म्हणून नव्याने वापरणाऱ्याचा पहिला फिल्टर लवकर चोंदतो. चरबीपासून केलेलं बायोडिझेल तर जराशा गारठ्यातच गढुळतं. याच कारणांनी ते सहसा मिसळून वापरतात. युरोपच्या डिझेल मानकात त्याची मर्यादा ७ टक्के आहे. रिन्यूएबल डिझेल साध्या डिझेलच्या बरंच जवळचं असल्याने जास्त प्रमाणात चालतं, निर्मात्याची परवानगी असेल तर निव्वळही. पण बायोडिझेलची एक बाजू सहज विसरली जाते. ते पंप आणि नोझलला उत्तम वंगण देतं आणि सहजासहजी पेट घेत नाही. रिन्यूएबल डिझेलमध्ये वंगणासाठी वेगळं द्रव्य घालावं लागतं.

यातलं हिरवं कोणतं? हा प्रश्न विचारला जातो तेव्हा प्रक्रियेवर वाद रंगतो, आणि मला तो चुकीच्या जागी वाटतो. युरोपीय संघाच्या २०१८ च्या नियमावलीत वापरलेल्या खाद्यतेलाच्या बायोडिझेलसाठी खनिज इंधनाच्या तुलनेत हरितगृह वायूंची बचत ८४ टक्के धरली आहे, आणि त्याच तेलाच्या रिन्यूएबल डिझेलसाठी ८३. एका टक्क्याचा फरक. आता त्याच तक्त्यातलं रेपसीडच्या (मोहरीवर्गातल्या तेलबियांच्या) ताज्या तेलाचं बायोडिझेल पाहा: ४७ टक्के. म्हणजे वजन पडतं ते तेल कुठून आलं याचं. दोन्ही वाटांना खनिज इंधनाचा हातभार असतोच. मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायूपासून होतं, त्यामुळे बायोडिझेलच्या एका रेणूतल्या साधारण १९ कार्बन अणूंपैकी एक खनिज असतो. हायड्रोजनही बहुधा त्याच वायूतून येतो.

आणि टाकाऊ तेल हवं तितकं वाढवता येत नाही. मागणी वाढली म्हणून कुणी जास्त तळत नाही. तळलेल्या तेलाला ताज्या तेलाहून जास्त भाव मिळू लागला, की ताजं तेलच ‘वापरलेलं’ म्हणून विकण्याचा मोह होतो, आणि मग सगळी बचत कागदावरच राहते. म्हणून मला लहान बायोडिझेल संयंत्राबद्दल आपुलकी वाटते: तेल जिथे जमा होतं तिथेच, ओळखीच्या पिंपांतून, त्याचं इंधन करता येतं. मोठ्या रिफायनरीला तेच तेल दूरदूरहून, अनेक हातांतून आणावं लागतं, आणि प्रत्येक हातागणिक त्याचा माग धूसर होतो.

इंधन विकत घेताना नावावर न थांबता युरोपीय मानकाचा क्रमांक विचारा: बायोडिझेलसाठी ईएन १४२१४, रिन्यूएबल डिझेलसाठी ईएन १५९४०. कागद हाताशी नसेल तर घनतामापक बुडवून पाहा. निव्वळ बायोडिझेलचा आकडा ०.८८ च्या आसपास येतो, रिन्यूएबल डिझेलचा ०.७८ च्या, आणि साधं डिझेल या दोघांच्या मध्ये, ०.८२ ते ०.८४५ पर्यंत.