मटण-चिकनचं दुकान किंवा छोटा कत्तलखाना: अन्न परवाना कसा काढायचा, कागद कोणते लागतात

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार नोंदणी किंवा परवाना असल्याशिवाय मांसाचा धंदा करता येत नाही. अर्ज 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर भरायचा. महाराष्ट्रात नोंदणी आणि राज्य परवान्याचे अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे जातात.

आधी आपला गट ठरवा. 2011 च्या नियमावलीत कत्तलीसाठी मर्यादा दिली आहे: दिवसाला 2 मोठी जनावरं, 10 शेळ्या-मेंढ्या किंवा 50 कोंबड्यांपर्यंत साधी नोंदणी. त्यापुढे 50 मोठी, 150 लहान जनावरं किंवा 1000 कोंबड्यांपर्यंत राज्य परवाना, आणि त्याहून जास्त असेल तर केंद्रीय. नुसती विक्री असेल तर गट उलाढालीवर ठरतो.

नोंदणीचं काम सोपं आहे: 'अ' नमुना, फोटो, ओळखपत्र. परवान्यासाठी 'ब' नमुना भरावा लागतो. सोबत जागेचा नकाशा, भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, यंत्रसामग्रीची यादी, अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा, महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा ना-हरकत दाखला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पाणी तपासणी अहवाल.

यातला पाण्याचा अहवाल बरेच जण एजंटावर सोडून देतात. तसं करू नका. जनावराच्या आतड्यात आणि कातडीवर साल्मोनेला, ई. कोलाय असे जिवाणू असतातच. निरोगी बकऱ्याचं आतलं मांस मुळात जवळजवळ निर्जंतुक असतं. सोलताना कातडीची बाहेरची बाजू मांसाला लागली किंवा आतडं फाटलं, की घाण तिथून पसरते. मग ज्या टबात वजडी धुतली त्याच पाण्यात सुरा बुचकळला, तर पुढच्या प्रत्येक तुकड्याला तेच जिवाणू लागतात. म्हणून नमुना दुकानातल्या वापराच्या नळाचाच द्या, आणि टाकीचं पाणी वापरत असाल तर टाकीचा. वजडीसाठी वेगळी मोरी आणि सुऱ्यांसाठी 82 अंशांचं गरम पाणी ठेवा. नकाशातही ही मोरी वेगळी दाखवा.

मटणाच्या दुकानात बकरं कापू नये. माल अधिकृत कत्तलखान्यातूनच आणायचा आणि त्याच्या पावत्या जपून ठेवायच्या. कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या केंद्रीय नियमांनुसार पशुवैद्यकाने प्रत्येक जनावर कापण्याआधी तपासायचं असतं, आणि तेही तासाला 12 पेक्षा जास्त नाही, दिवसाला 96 पेक्षा जास्त नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू किंवा एवढं लहान पिल्लू असलेली मादी कापायला मनाई आहे.

कामगारांची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा करून घ्या. टायफॉईडसारख्या पोटाच्या रोगांवरची लसही द्यावी लागते. दोन्हींचे दाखले दुकानातच ठेवा, अधिकारी पाहणीला आल्यावर ते मागतात. मांस तोडायचा लाकडी ठोकळाही ते बघतात. त्याला भेगा पडल्या असतील तर बदलाच, कारण भेगेत अडकलेलं मांस कितीही घासलं तरी निघत नाही.

अर्जात त्रुटी निघाली तर पोर्टलवर शेरा येतो. त्याला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज नामंजूर होतो, म्हणून अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, एजंटाचा नको.